किटी वेल्सचा जवाब

अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात आमच्याकडे कुणी पाहुणे आले की मी त्यांना रायमन ऑडिटोरियमला नेतेच. १८९२ साली प्रार्थनासभांसाठी बांधलेली ही लाल विटांची वास्तू. आत अजूनही चर्चसारखे लांबलचक लाकडी बाक, रंगीत काचांच्या खिडक्या. १९४३ ते १९७४ या काळात दर शनिवारी रात्री इथूनच 'ग्रँड ओल ऑप्री' हा कंट्री संगीताचा, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या गाण्यांचा कार्यक्रम रेडिओवरून घरोघरी पोचायचा. ११ जून १९४९ ला कंट्री गायक हँक विल्यम्स इथे पहिल्यांदा गायला आणि वन्स मोअर काही थांबेनात. पुढे दारूपायी ऑप्रीने त्याला काढलं, आणि १९५३ च्या पहिल्याच दिवशी, अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, तो गेला. इथे सगळे हळहळतात ते त्याच्यासाठी.

मला मात्र कंट्री गायिका किटी वेल्सबद्दल सांगायचंय.

१९५२ साली हँक थॉम्प्सन या दुसऱ्या एका गायकाचं एक गाणं गाजत होतं. बायको आपल्याला सोडून गुत्त्यांच्या झगमगाटात रमली, अशी त्यात नवऱ्याची तक्रार. त्याच चालीवर किटीने उत्तर गायलं. आपल्याकडच्या सवाल-जवाबातला खणखणीत जवाबच तो! अशा बायका देवाने घडवल्या नाहीत. लग्न होऊनही सडाफटिंग असल्यासारखे वागणारे पुरुषच याला जबाबदार आहेत, असं ती सरळ सांगते. आवाज चढवत नाही, रडत नाही. म्हणून ते जास्त लागतं.

किटी तेव्हा बत्तीस वर्षांची, मुलंबाळं असलेली. गाणं सोडून द्यावं, असं तिच्या मनात घोळत होतं. रेकॉर्डिंगला गेली ती १२५ डॉलर मिळणार म्हणून. एनबीसी या रेडिओ कंपनीने गाण्यावर बंदी घातली, तरी ते कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. एकट्या गायिकेला हे तोवर जमलं नव्हतं. त्याआधी बायका गात नव्हत्या असं नाही, पण बहुतेक जणी घरच्या ताफ्यात, नवऱ्याच्या नाहीतर भावाच्या शेजारी उभ्या. एकटीच्या नावावर रेकॉर्ड खपणार नाही, अशी कंपन्यांची ठाम समजूत होती.

मग पॅट्सी क्लाइन आली, लोरेटा लिन आली. लोरेटाने किटीला कायम आदर्श मानलं. १९७५ मध्ये लोरेटाचं गर्भनिरोधक गोळीवरचं गाणं आलं, तेव्हाही कितीतरी रेडिओ केंद्रांनी ते लावायला नकार दिला. तरीही ते पहिल्या पाचांत पोचलं.