ऐन आंब्याच्या सीझनमध्ये साईटवर लाल पान

एप्रिलमध्ये देवगडच्या एका आंबेवाल्या काकांचा फोन आला, साईट उघडली की क्रोममध्ये अख्खं लाल पान येतंय, पुढची साईट धोकादायक आहे म्हणून, आणि सकाळपासून एकाही पेटीची ऑर्डर नाही. काकांचं म्हणणं एकच, "तू गूगलला सांगून तेवढं लाल काढ रे, साईटला काही झालेलं नाही, कुणीतरी जळून तक्रार केली असणार." मी वेबसाईट मेंटेनन्सचं काम करतो, असा फोन करणारे बहुतेक जण हेच म्हणतात.

लॅपटॉपवर डिटेल्स दाबून पुढे गेलो तर साईट खरंच ठीक दिसत होती. पेट्यांचे फोटो, भाव, सगळं जागेवर. पण सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे गूगल साईटमालकाला साईटची अवस्था दाखवतं तिथे, सिक्युरिटी इश्यूजखाली धोकादायक पानांची यादी आलेली होती, आणि तिथं नाव आलं की मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही. ऑफिसमधला बिनसिमचा जुना अँड्रॉइड काढला, गूगलवर साईट शोधली, रिझल्टवर टॅप करून लाल पान ओलांडलं आणि थेट भलत्याच साईटवर. तुमचा ब्राउझर जुना झालाय अपडेट करा, आणि खाली एपीके फाईल, म्हणजे अँड्रॉइडवर ॲप बसवणारी फाईल. एचटीॲक्सेस फाईलमध्ये, म्हणजे आलेल्या माणसाला कुठे पाठवायचं ते सर्व्हरला सांगणाऱ्या फाईलमध्ये, कुणीतरी नियम घुसवला होता, माणूस गूगलवरून आलेला असेल आणि मोबाईलवर असेल तरच त्याला तिकडे पाठवायचं. काका पत्ता टाईप करून साईट उघडायचे, म्हणून त्यांना कधीच काही दिसलं नाही, दिसत होतं ते फक्त गिऱ्हाइकांना.

काकांना हे सांगितल्यावर ते एकदम गप्प झाले. मग म्हणाले, डोंबिवलीच्या एका ताईंचा गेल्या आठवड्यात फोन आला होता, तुमच्या साईटवरून काहीतरी अपडेट झालं आणि तेव्हापासून फोन विचित्र वागतोय, मला वाटलं त्यांचाच फोन खराब असेल. माझ्या पोटात गोळा आला. साईट नंतर बघू म्हटलं, आधी त्यांना फोन करा, नेट बंद करायला सांगा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवायला सांगा, आणि अलीकडे ऑर्डर दिलेल्या सगळ्यांना मेसेज टाका. "अरे पण गिऱ्हाईक तुटेल," काका म्हणाले. तुटू दे म्हटलं. त्यांनी टाकला मेसेज, आणि ते मला सोपं वाटत नाही, वर्षाची कमाई त्या दोन महिन्यांत असते.

मग साफसफाई. मूळ सापडलं थीममध्ये, म्हणजे साईटच्या तयार डिझाईनमध्ये. आधीच्या डिझायनरने पेड थीमची क्रॅक केलेली कॉपी फुकट टाकून दिली होती, तिच्यात बेस६४ मध्ये, म्हणजे वाचून कळू नये अशा अक्षरांत, गुंडाळलेला कोड. अपलोड्स फोल्डरमध्ये, जिथे फक्त फोटो असायला हवेत, तिथे पीएचपी फाईल, म्हणजे सर्व्हरवर चालणारा कोड. शिवाय एक क्रॉन जॉब, ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, म्हणजे एचटीॲक्सेस साफ केली की ती परत तशीच लिहिली जाणार. नुसता वरचा नियम उडवून रिव्ह्यू मागणं, म्हणजे गूगलला साईट पुन्हा तपासायला सांगणं, म्हणूनच महागात पडतं, घाण परत येते, लाल पान जात नाही आणि रिव्ह्यू परत मागून थांबावं लागतं. तसं झालं असतं तर सीझन गेलाच होता.

कोअर फाईल्स, म्हणजे साईटच्या मूळ सॉफ्टवेअरच्या फाईल्स, नव्या टाकल्या, सगळे पासवर्ड बदलले, अनोळखी ॲडमिन युजर उडवला, त्याच जुन्या फोनवरून परत परत तपासलं आणि काय काय काढलं ते नीट लिहून रिव्ह्यू टाकला. मालवेअरच्या, म्हणजे घातक कोडच्या, रिव्ह्यूला काही दिवस लागतात, तोवर काकांनी फोनवरच ऑर्डरी घेतल्या. लाल पान गेलं. डोंबिवलीच्या ताईंचे पैसे वाचले, बँकेने खातं वेळेवर थांबवलं होतं, आणि ओरिजिनल थीमचे पैसे काकांनी मी मागायच्या आधीच पाठवले.