तुम्ही विचारलंत म्हणून: नार्सिसाबाईंना मी रक्तसाक्षी का म्हणत नाही

मिशनरी स्त्रियांवर बोलायला मला बोलावतात आणि बोलून झालं की कुणीतरी विचारतंच, "बाई, फरारबाईंचं नाव एवढ्या मायेनं घेता, मग नार्सिसा व्हिटमनला रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी जीव दिलेली, म्हणताना का अडखळता? दोघी एकाच अमेरिकन बोर्डाच्या, त्याच मिशनरी संस्थेच्या ना?" मागच्या महिन्यात एका पाळकसाहेबांनी तर "उपकार विसरलात" असं भर सभेत ऐकवलं.

विसरलेले नाही. सिंथिया फरारना बोर्डानं १८२७ मध्ये बिनलग्नाच्या, एकट्या मुंबईला पाठवलं. पुढे नगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये तिथेच त्या वारल्या. माझी पणजी मिशनच्या शाळेत शिकली नसती, तर आज माझ्या हातात लेखणी नसती. हे आणखी किती वेळा म्हणून दाखवू?

आणि नार्सिसासाठी माझाही जीव तुटतो. एकट्या बाईला अमेरिकेच्या पश्चिमेला, ओरेगनकडे पाठवायला बोर्ड राजी नव्हतं. डॉक्टर मार्कस व्हिटमनशी लग्न ठरलं तेव्हा तिची वाट मोकळी झाली. १८३६ मध्ये ती आणि एलायझा स्पॉल्डिंग रॉकी पर्वत ओलांडून गेल्या. तिथे वाईलात्पूला, कायूज या मूळ रहिवाशांच्या भूमीवर त्यांचं मिशन होतं. तिथे तिला अ‍ॅलिस झाली. कायूज तिला आपलीच मुलगी म्हणायचे. दोन वर्षांची अ‍ॅलिस नदीत बुडाली, तेव्हा पाण्यात बुडी मारून तिला वर काढलं ते एका कायूज म्हाताऱ्यानं.

वीस वर्षं शब्बाथ शाळेत, चर्चच्या रविवारच्या वर्गात, मी हे असं सांगत आले की मुलांचे डोळे भरायचे. मग १८४७ चा गोवर, २९ नोव्हेंबरला कायूजांचा मिशनवर हल्ला, त्यात नार्सिसाचा अंत, प्रार्थना.

एका वर्षी, नाताळनंतरच्या रविवारी, वसतिगृहातल्या मुली वर्गात होत्या. अकोले तालुक्यातल्या, ठाकर आदिवासींच्या. त्या दिवशी मी आणखी एक तपशील सांगितला: व्हिटमनांनी नवं घर बांधलं, त्यात कायूजांसाठी एक खोली वेगळी ठेवली, बाकी घरात त्यांना मज्जाव. ते आले की घर फार घाण होतं, असं नार्सिसानं माहेरी लिहिलं होतं. तिला किती सोसावं लागलं, हे मला दाखवायचं होतं.

मागच्या रांगेतली नऊ-दहा वर्षांची मुलगी उभी राहिली. "बाई, पण जागा त्यांचीच होती ना?"

मी म्हटलं, "खाली बस."

ती बसली नाही. "मग परवा आम्हाला पडवीत का जेवायला बसवलं?"

नाताळचं जेवण. पानं मांडण्याचं काम माझ्याकडे होतं. "आत गर्दी होती गं," मी म्हटलं. गर्दी होतीच. पण चर्चच्या मंडळीतल्या एकाही घरचं मूल मी बाहेर बसवलं नव्हतं. माझ्या आजीला लहानपणी ओंजळीत वरून पाणी ओतायचे. ते सांगताना ती हात तसेच धरून दाखवायची. मी तिची नात. मुलगी उभी होती आणि मी प्रार्थना सुरू केली.

त्यानंतर गाळलेलं सगळं वाचलं. गोवरानं मिशनजवळचे जवळपास निम्मे कायूज गेले. डॉक्टर दोघांनाही औषध देत होता. गोऱ्यांची मुलं बरी होत होती, त्यांची मरत होती. रोगी दगावला तर वैद्याचा जीव घेण्याची त्यांच्यात रीत होती. तेरा जण मारले गेले, त्यांत बाई एकटी नार्सिसा. १८५० मध्ये पाच कायूजांना फाशी झाली. त्या पाचांसाठी मी वर्गात कधी प्रार्थना घेतली नव्हती.

म्हणजे खून क्षम्य ठरतो का? नाही. तेव्हाची मी अजून भांडते: अगं, तिनं सात पोरकी मुलं सांभाळली! सांभाळली, पण ती गोऱ्या वाटसरूंची. काळच तसा होता म्हणावं, तर त्याच वाटेनं गेलेली एलायझा नेझ पर्स या तिथल्याच दुसऱ्या मूळ लोकांची भाषा शिकून त्यांच्या मुलांना शिकवत होती.

आणि फरारबाई? त्यांच्या घरात आमच्यातलं कोण कुठपर्यंत जाऊ शकायचं, हे मी अजून शोधलेलं नाही. नगरला राहते, जुने कागद कुणाकडे मागायचे तेही ठाऊक आहे. दोनदा निघाले आणि दोन्ही वेळा अर्ध्या वाटेवरून परत आले.