विजयदुर्गची गोदी बघितल्याशिवाय परतू नका

नागपूरहून कोकणात जाणारे आपण बहुतेक जण विजयदुर्ग अर्ध्या दिवसात उरकतो. तटावर फोटो, माशाचं जेवण, की गाडी निघाली मालवणला. किल्ला बघायलाच हवा. 2025 च्या जुलैमध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या 12 किल्ल्यांत तो आहे. पण मला सांगायचंय ते गोदीबद्दल.

किल्ल्यापासून वाघोटन खाडीने थोडं आत गेलं की मराठा आरमाराची ही गोदी लागते. कातळ फोडून केलेली, सुमारे 350 फूट लांब. भरतीच्या पाण्यावर गलबत आत घ्यायचं, ओहोटी लागली की ते तळावर टेकायचं. मग बुडाला चिकटलेलं शेवाळ नि शिंपले खरवडायचे, किडलेल्या फळ्या बदलायच्या, फटी बुजवायच्या. आता आत गाळ साचलाय. माहीत नसेल तर माणूस सरळ पुढे निघून जाईल. माझा पाय मात्र तिथून लवकर निघेना. 1756 च्या फेब्रुवारीत, विजयदुर्ग ज्यांच्या ताब्यात होता त्या मराठा आरमारप्रमुख तुळाजी आंग्र्यांचं आरमार इंग्रजांनी याच बंदरात जाळलं, आणि पेशव्यांची फौज तेव्हा इंग्रजांच्या बाजूने होती. हे वाचलेलं होतं, पण पाण्यासमोर उभं राहून आठवलं तेव्हा फार लागलं. त्यानंतरही पेशव्यांचे आरमारप्रमुख आनंदराव धुळप यांनी इथूनच आरमार चालवलं. जहाज दुरुस्त करणारे हात आणि जागा असल्याशिवाय हे होत नाही.

जवळच जाळं विणत गाबीत या कोकणातल्या मच्छीमार समाजातले एक आजोबा बसले होते. तरुणपणी शिडाच्या गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते.

"खंयसून इलात?"

नागपूर म्हटल्याबरोबर त्यांनी आपल्याकडच्या सागाची चौकशी केली. आलापल्लीचं नाव त्यांना ठाऊक होतं! पावसाळ्यात गलबतं किनाऱ्यावर ओढून झापांनी, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्यांनी, शाकारायची, नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटायची, हे ते हाताने दाखवत सांगत होते. मग म्हणाले, "शीड शिवूक येता असो आता गावात कोण रवलो नाय."

किल्ल्याच्या चिऱ्यांची काळजी घेणारे निदान आहेत. या आजोबांकडे जे आहे ते कोण लिहून घेणार? गोदीतला गाळ काढावा, हद्द आखावी आणि त्याआधी या म्हाताऱ्या खलाशांचं बोलणं ध्वनिमुद्रित करावं, असं मला कळकळीने वाटतं.

हे कोकणातल्यांचं काम, आपल्याला काय त्याचं, असं नागपुरातल्या महाल भागातले काही मित्र म्हणाले. पण 1751 पासून 1803 पर्यंत ओडिशाचा किनारा नागपूरकर भोसल्यांकडे होता. समुद्र आपल्याही इतिहासात आहे, बाप्पा.

दिवाळीत आमच्या गल्लीतली काही कुटुंबं कोकणात निघतायत. त्यांना एवढंच सांगितलंय की विजयदुर्गला मुक्काम करा, गावात भरती-ओहोटीच्या वेळा विचारून घ्या, आणि गोदी दोन्ही वेळी बघा.