आता कशाला काढायचं?

आज आमच्या मंडळात पॉक्सो कायद्यावर, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यावर, व्याख्यान होतं. चहा फिरायला लागला तशा शेजारच्या मावशी बोलत्या झाल्या. (त्यांना विचारूनच लिहितेय.) साठी ओलांडली, तरी पाठीमागे कुणी उभं राहिलेलं त्यांना चालत नाही. बँकेतही रांग सोडून भिंतीला टेकून थांबतात. बस गच्च भरलेली असली की सोडून देतात. लहानपणी त्यांचा छळ करणारा घरातलाच माणूस होता. नवऱ्याला आजतागायत पत्ता नाही.

"मग इतकी वर्षं गप्प का बसलात?" मागून एकीने विचारलंच. माझं डोकंच फिरलं. गप्प कुठे? आठव्या वर्षी आईला सांगितलं होतं त्यांनी. "बोलू नकोस, तुझंच नाव खराब होईल," हे उत्तर मिळालं.

केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीत ५३ टक्क्यांहून जास्त मुलांनी लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं. त्यात मुलगेही होते, ज्यांच्याबद्दल आपण चकार शब्द काढत नाही. निम्म्या वेळा करणारा ओळखीचा, विश्वासातला. कायदा आला २०१२ मध्ये.

मावशींनी मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा हेल्पलाइन नंबर नातीसाठी मोबाइलमध्ये टाकून घेतला आणि व्याख्यात्या बाईंना म्हणाल्या, "पुढच्या वेळी पुरुषांनाही बोलवा."