झाकलेला परिच्छेद

या मनोगताचा पहिला परिच्छेद मी लिहिला आणि खोडला. त्यात ‘ज्ञानमंदिर’ होतं, ‘वटवृक्ष’ होता, ‘आठवणींचा हिंदोळा’ही होता. आमच्या मराठीच्या बाईंनी तो असाच तळहाताने झाकला असता आणि म्हणाल्या असत्या, “आता इथून वाच. काही बिघडलं का?” बहुतेक वेळा काहीच बिघडायचं नाही. निबंध खरा दुसऱ्या परिच्छेदापासून सुरू व्हायचा.

आठवीत पहिल्याच तासाला त्यांनी लिहायला सांगितलं, ‘बुटाची नाडी कशी बांधावी?’ आम्ही हसलो. दहा मिनिटांत वह्या पुढे सरकवल्या. बाईंनी एक वही उचलली, टेबलावर बूट ठेवला आणि लिहिलंय तसंच करायला लागल्या. ‘दोन्ही टोके हातात घ्यावीत व गाठ मारावी.’ त्यांनी टोकं घेतली आणि टेबलाच्या पायाला गाठ मारली. “कशाला मारायची, ते कुठे लिहिलंय?” वही माझी होती. आपल्या डोक्यातलं वाचणाऱ्याच्या डोक्यात आपोआप जात नाही, हे मला त्या दिवशी कळलं. व्याकरण त्यानंतर आलं.

तोवर निबंध म्हणजे पाठांतर. सुरुवातीला सुविचार, मध्ये चार मुद्दे, शेवटी ‘अशा प्रकारे’. बाईंनी ‘अशा प्रकारे’वर वर्षभर बंदी घातली. त्या सांगायच्या, निबंध या शब्दातच बांधणं आहे. पण सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये मोंतेन नावाच्या गृहस्थाने याच प्रकारच्या लेखनाला जे नाव दिलं, त्याचा अर्थ ‘प्रयत्न’. 1580 साली त्याचं पुस्तक आलं. “आधी प्रयत्न, मग बांधणी. तुम्ही उलटं करता.”

म्हणून पहिल्या खर्ड्याला गुण नसत. घड्याळ लावून दहा मिनिटं पेन न उचलता लिहायचं, सुचलं नाही तर ‘सुचत नाही’ असंच लिहायचं. मग शेजाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचं. शेजाऱ्याने ‘छान’ म्हणायचं नाही. कुठलं वाक्य लक्षात राहिलं आणि कुठे वाट चुकली, एवढंच सांगायचं. वाचताना जिथे दम लागेल तिथे वाक्य तोडायचं. वैचारिक निबंधात प्रत्येक ठाम विधानापुढे बाईंची पेन्सिल एकच शब्द लिहायची, ‘कशावरून?’ त्या शब्दाचा मला फार राग यायचा. आता रोजच्या कामात दुसऱ्यांचे अहवाल तपासताना समासात मी तोच लिहितो. (उपमांच्या बाबतीत मात्र बाई जरा जास्तच कडक होत्या, हे माझं मत आजही कायम आहे. चौदाव्या वर्षी पोराने चंद्राला कशाचीही उपमा द्यावी.)

नववीत ‘घरातील एक वस्तू’ हा विषय होता. आजोबांना जाऊन दोन महिने झाले होते. मी त्यांच्या चष्म्यावर लिहिलं आणि तिसऱ्याच ओळीत दुःखाचा डोंगर कोसळवला. बाईंनी बोलावून घेतलं. रागावल्या नाहीत. “डोंगर मला दिसला नाही रे. तुला काय दिसलं?”

मी म्हणालो, “चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती.”

“आणखी?”

“फडताळावर तो तसाच होता. आई धूळ पुसायची, पण त्याच्याभोवतीने. त्याच्याखालची पुसायची नाही.”

बाई जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “हे लिही. दुःख हा शब्द वापरू नकोस.”

दुसरा खर्डा अर्ध्या पानाचाच झाला. शब्दमर्यादेच्या हिशेबाने गुण कापले जाणार, याची मला धास्ती. वही परत आली तेव्हा गुणांची जागा रिकामीच होती. खाली पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘चष्मा आता कुठे आहे?’

मला माहीतच नव्हतं. फडताळावरून तो केव्हा गेला, हे लक्षातही आलं नव्हतं. घरी जाऊन आईला विचारलं. ती काही बोलली नाही, कपाटाचा खालचा खण ओढून दाखवला. काडीला दोरा नवा होता.

तिसरा खर्डा मी त्या खणापासून सुरू केला.