बोटांना ठाऊक असतं

आज दुपारी दांडिया बाजारातल्या घरी आजीला पोर्तुगीज पियानोवादक मारिया जुआंव पिरेशचा जुना व्हिडिओ दाखवला. अ‍ॅमस्टरडॅममधली मैफल. वाद्यवृंदाने मोझार्टचा २० नंबरचा कन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) सुरू केला, आणि बाईंची तयारी दुसऱ्याच रचनेची! चेहरा पार उतरलेला. संचालक हसून धीर देतात, पण वाद्यवृंद काही थांबवत नाहीत. बाईंची पाळी येते आणि त्या वाजवू लागतात. आठवणीतून! माझ्या अंगावर काटा आला.

आजीने आयुष्यभर पेटीवर साथ केली आहे. म्हणाली, "बोटांना ठाऊक असतं गं."

मग मी तिला जर्मन पियानोवादक क्लारा शुमानचं सांगितलं. १८२८ साली, अवघ्या नवव्या वर्षी लाइपझिगमध्ये जाहीर वादन, पुढे आठ बाळंतपणं आणि तरीही दौरे. आजी बराच वेळ गप्प होती. नंतर म्हणाली, "पेटीवरचं कापड काढ जरा."