पलीकडे कोण ऐकतं?

केस पेपरवर एक रकाना होता: ‘संगणकावरील उपचारास तयार – हो / नाही’. साठीच्या पुढचं माणूस समोर बसलं की मी न विचारताच ‘नाही’वर खूण करून मोकळी व्हायचे. ह्या वयात त्यांना कुठे माऊस धरायला लावायचा? वर वेळही वाचायचा.

आमचं केंद्र तालुक्याच्या गावात, दोन खोल्यांचं. मधे प्लायवूडचं पार्टिशन, पलीकडे नातेवाइकांसाठी बाक. मी तिथे मानसतज्ज्ञ. सीबीटीचे, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या उपचाराचे, सहा मराठी धडे असलेला एक प्रोग्रॅम आमच्याकडे वापरून बघायला आला होता. मनात येणारा विचार, त्यातून येणारी धास्ती आणि मग अंथरुणातून न उठणं, ही साखळी माणसाला दाखवायची आणि रोज एखादं छोटं काम ठरवून करायला लावायचं, असं त्याचं स्वरूप.

त्या मंगळवारी ७३ वर्षांच्या एक काकू मुलाबरोबर आल्या. छातीत धडधड, रात्री ३ वाजता जाग. ईसीजी, थायरॉइड सगळं ठीक. यजमान जाऊन ८ महिने झालेले. मी पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्य मोजायची प्रश्नावली, वाचून दाखवली. ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. काकू भराभर उत्तरं देत गेल्या: ‘नाही’, ‘क्वचित’, ‘एवढं काही नाही’. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. ‘छे हो, मॅडम!’ बेरीज ८. म्हणजे सौम्य.

पेन त्या रकान्याकडे वळलं होतं, तेवढ्यात त्यांनी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे बोट केलं. ‘तो हेडफोन कशाला?’

मी सांगितलं. पलीकडून मुलाचा आवाज आला, ‘आई, तुला नाही जमायचं ते.’

‘३१ वर्षं टेलिफोन एक्स्चेंजला काढलीत मी,’ काकू मला म्हणाल्या. ‘ट्रंक बोर्डावर. अर्जंट, लाइटनिंग, सगळे कॉल लावलेत.’ आणि हेडफोन चढवला तो एक कान उघडा ठेवून, सवयीने.

माऊसने मात्र दमवलं. हात थरथरायचा, बाण भलतीकडे पळायचा. अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात म्हणाल्या, ती मी दीडपट केली. मग त्यांचा प्रश्न आला: ‘हे पलीकडे कोण ऐकतं?’

माहिती गोपनीय राहते वगैरे मी सुरू केलं. त्या हसल्या. ‘आम्हीपण असंच सांगायचो. लाइनवर असायचोच की!’

मग सरळ बोलले. उत्तरं मी वाचणार. मुलाला दाखवणार नाही. जिवाला धोका वाटला तर घरच्यांना सांगावं लागेल, पण आधी तुमच्याशी बोलेन.

त्यांनी विचार केला. ‘बरं. मग तुम्ही जरा बाहेर बसा.’

१९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या जोसेफ वायझेनबाऊम यांनी एलायझा नावाचा बोलणारा प्रोग्रॅम जगापुढे आणला. त्यांच्याच सेक्रेटरीने दोन-चार वाक्यं टाइप केली आणि त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. शिकत असताना ह्या किश्श्यावर आम्ही खूप हसलो होतो. आता मी बाकावर, मुलाच्या शेजारी.

वीसेक मिनिटांनी आत गेले. प्रोग्रॅमने धड्याआधी तेच ९ प्रश्न विचारले होते. बेरीज १६. नवव्या प्रश्नापुढे ‘निम्म्याहून जास्त दिवस’. आणि स्क्रीनवर काय, तर ‘धन्यवाद, पुढे जा’! एवढं उत्तर मिळूनही त्या यंत्राने ना घंटा वाजवली ना कोणाला बोलवायला सांगितलं. अहवाल मी शुक्रवारी उघडायचे. आजही आठवलं की हात गार पडतात.

मुलाला चहा आणायला पाठवलं. ‘काकू, मघाशी नाही म्हणालात.’

‘मघाशी तो बाकावर होता. प्लायवूडमधून सगळं ऐकू जातं, मॅडम. मला कळतं ते.’

मग आडवळण न घेता विचारलं: काही ठरवलंय का, घरात हाताशी काय आहे. ठरवलेलं काही नव्हतं. यजमानांची औषधं मात्र अजून कपाटात होती. काकूंना विचारून मुलाला सांगितलं, औषधं त्याच संध्याकाळी घरातून हलली. मानसोपचारतज्ज्ञांनी दुपारीच तपासलं. टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर मी मोठ्या अक्षरात लिहून दिला. काकूंनी तो एकेक आकडा सुटा करत मला परत ऐकवला: एक, चार, चार, एक, सहा. ऑपरेटर नंबर पक्का करून घेतात तसा.

गोळ्या सुरू झाल्या. धडेही चालू ठेवले, पण दर मंगळवारी माझ्यासमोर बसायचं ह्या अटीवर. तिसऱ्या धड्याच्या डायरीत त्यांनी लिहिलं होतं, ‘सकाळी ओटा पुसला. मन लागलं नाही. तरी पुसला.’

तोवर मी जुने केस पेपर काढले होते. न विचारता लिहिलेले ‘नाही’ २२ निघाले. एकेकाला फोन लावायला घेतलं. पहिलेच एक निवृत्त गुरुजी. प्रोग्रॅमची सगळी माहिती त्यांनी शांतपणे ऐकून घेतली, मग म्हणाले, ‘यंत्राशी काय बोलायचं, बाई? तुम्ही आहात ना?’

त्यांच्या रकान्यात ‘नाही’ तसंच ठेवलं. शेजारी तारीख घातली.